वाऱ्याआडचा तारा

१८६७ साली पॅरिस वेधशाळेत शार्ल वुल्फ आणि जॉर्ज राये हे दोन खगोलशास्त्रज्ञ ४० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीला वर्णपटदर्शक लावून हंस तारकासमूहातले तारे तपासत होते. ताऱ्याचा प्रकाश फाकवला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत अखंड पट्टा मिळतो आणि त्यावर बारीक काळ्या रेषा दिसतात, हा तोवरचा नेहमीचा अनुभव. तीन मंद तारे या अनुभवात बसेनात. त्यांच्या वर्णपटात काळ्या रेषांच्या जागी रुंद, झळझळीत पट्टे होते आणि ते कोणत्या मूलद्रव्याचे हे सांगता येत नव्हते. या जातीला पुढे वुल्फ-राये तारे असे नाव पडले. त्या तीन ताऱ्यांना आज डब्ल्यूआर १३४, १३५ आणि १३७ हे क्रमांक आहेत. आपल्या आकाशगंगेत अशा साडेसहाशेहून अधिक ताऱ्यांची नोंद झाली आहे.

पट्टे कशाचे, हे उलगडायला जवळजवळ अर्धे शतक गेले. १९१३ साली नील्स बोर यांनी अणूची रचना मांडली, तेव्हा हायड्रोजनच्या मानल्या गेलेल्या काही रेषा खरे तर एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत हे स्पष्ट झाले. वुल्फ-राये ताऱ्यांत हेच आयनीभूत हेलियम ठळकपणे दिसते. त्याच्या जोडीला काही ताऱ्यांत नायट्रोजन असतो, काहींत कार्बन आणि अगदी मोजक्यांत ऑक्सिजन. ही मूलद्रव्ये ताऱ्याच्या पोटात तयार होतात. हायड्रोजनचे हेलियम होत असताना नायट्रोजन साठत जातो, पुढे हेलियम पेटले की कार्बन आणि ऑक्सिजन बनतात. पोटातला हा माल बाहेर दिसतो, त्या अर्थी ताऱ्याने हायड्रोजनचे बाहेरचे थर गमावलेले असले पाहिजेत. वुल्फ-राये तारा म्हणजे एका अवजड ताऱ्याचा सोललेला गाभा. उरलेले वस्तुमान बहुधा सूर्याच्या १० ते २५ पट असते आणि तापमान ३०,००० पासून २,००,००० अंशांपर्यंत जाते.

पट्टे इतके रुंद का, याचे उत्तर १९२९ च्या सुमारास कॅनडातल्या कार्लाइल बील्स यांनी दिले. हा वायू ताऱ्यापासून सर्व दिशांनी प्रचंड वेगाने दूर उडत असला पाहिजे, असे त्यांनी मांडले. आपल्या बाजूला येणाऱ्या वायूचा प्रकाश डॉप्लर परिणामामुळे निळ्याकडे सरकतो, पलीकडे जाणाऱ्या वायूचा तांबड्याकडे, आणि एकच रेषा दोन्ही बाजूंना ताणली जाते. हिशोब सोपा आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला १,५०० किलोमीटर धरला, तर तो प्रकाशाच्या वेगाच्या अर्धा टक्का होतो. आयनीभूत हेलियमची एक रेषा ५४१.१ नॅनोमीटरवर असते. तिचा अर्धा टक्का म्हणजे २.७ नॅनोमीटर, आणि दोन्ही बाजू मिळून रुंदी साडेपाच नॅनोमीटरच्या आसपास. सूर्याच्या वर्णपटातल्या बहुतेक रेषा याच्या शेकडो पटींनी अरुंद असतात.

या हिशोबाची उलटी बाजू लक्षात ठेवायला हवी, कारण पुढची सगळी वाट तिच्यावरून जाते. रेषेतली प्रत्येक जागा म्हणजे एक वेग. रेषेच्या निळ्या कडेला जे घडते ते आपल्याकडे झेपावणाऱ्या वायूत घडते, तांबड्या कडेचे ताऱ्यापलीकडच्या वायूत, आणि मधले आपल्या दृष्टिरेषेला आडव्या जाणाऱ्या वायूत. तारा दुर्बिणीत नुसता ठिपका असतो, पण त्याच्या रेषेची रुंदी म्हणजे भोवतालच्या वाऱ्याचा नकाशाच आहे.

वारा हा शब्द इथे फार सौम्य वाटतो. असा तारा दर वर्षी सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे एक लक्षांश भाग बाहेर टाकतो, म्हणजे तीन पृथ्व्या भरतील इतका वायू. सूर्याच्या स्वतःच्या वाऱ्यापेक्षा हा कोट्यवधी पटींनी मोठा प्रवाह आहे. तो इतका दाट असतो की ताऱ्याचा पृष्ठभाग दिसतच नाही. आपल्यापर्यंत येणारा प्रकाश वाऱ्यातल्याच कुठल्या तरी थरातून निघालेला असतो. सूर्याच्या पृष्ठभागाची थरथर आपण थेट मोजतो आणि तिच्यावरून त्याच्या पोटाची रचना काढतो. इथे ती सोय नाही. तारा स्पंदतो का, किती वेगाने फिरतो, त्याच्या अंगावर डाग आहेत का, हे प्रश्न वाऱ्यालाच विचारावे लागतात. म्हणूनच या ताऱ्यांच्या वर्णपटातले बदल मला इतके मोलाचे वाटतात. मोजमापातला गोंधळ म्हणून ते सरासरीत बुडवून टाकले, तर झाकलेल्या ताऱ्याची खबर देणारी एकुलती वाट बंद होते.

या जातीचा आपल्याला सर्वांत जवळचा आणि नुसत्या डोळ्यांना सर्वांत तेजस्वी दिसणारा तारा महाराष्ट्रातूनही दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री दक्षिण क्षितिजावर अगस्त्य शोधावा. त्याच्या डावीकडे, थोडा वर, दुसऱ्या प्रतीचा एक पांढरा-निळसर तारा आहे, तो गॅमा वेलोरम. मुंबईहून तो क्षितिजापासून जेमतेम २४ अंश वर चढतो, गोव्याहून आणखी थोडा. अंतर सुमारे ११०० प्रकाशवर्षे. डोळ्यांना दिसणाऱ्या त्या एका ठिपक्यात खरे तर दोन तारे जवळून फिरतात, एक वुल्फ-राये आणि दुसरा त्याहून उजळ असा ओ वर्गाचा तप्त तारा. या ताऱ्याचा भारताशी जुना संबंध आहे. डिसेंबर १८७१ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इटलीहून आलेल्या लोरेंझो रेस्पिगी यांनी मद्रासमध्ये असताना याच्या वर्णपटातल्या तेजस्वी रेषा पाहिल्या. पुढे १९६७ मध्ये गणेश आणि वेणू बाप्पू यांनी कोडाईकनालच्या वेधांवरून या जोडीची कक्षा काढली आणि आवर्तनकाल साडेअठ्ठ्याहत्तर दिवसांचा असल्याचे दाखवले. जोडीतल्या दोन्ही ताऱ्यांचे वारे एकमेकांवर आदळतात आणि त्या टकरीच्या जागेचा प्रकाशही कक्षेबरोबर रेषांमधून इकडून तिकडे सरकतो. बदलाचे हे एक कारण झाले. सुदैवाने त्याचे वेळापत्रक ठरलेले असते, त्यामुळे ते ओळखून वेगळे काढता येते.

एकट्या ताऱ्यातला बदल हा अधिक अवघड आणि मला अधिक ओढ लावणारा भाग आहे. तो पाहण्याची रीत अशी. एका ताऱ्याचे वर्णपट रात्रभर, दर काही मिनिटांनी घेत राहायचे. सगळ्यांची सरासरी काढायची आणि प्रत्येक वर्णपटातून ती वजा करायची. जे उरते ते फार थोडे असते, बहुधा रेषेच्या उंचीच्या काही टक्के, म्हणून मुळात वर्णपट अतिशय स्वच्छ मिळाले पाहिजेत. हे उरलेले शेष काळ्या-पांढऱ्या छटांत एकावर एक रचले की एक चित्र तयार होते. त्यात आडव्या दिशेने वेग असतो आणि उभ्या दिशेने वेळ. वाऱ्यात काहीच घडत नसेल तर हे चित्र सपाट करडे दिसेल. प्रत्यक्षात ते तसे कधीच दिसत नाही.

१९८८ साली माँट्रियलच्या अँथनी मोफॅट आणि सहकाऱ्यांनी अशा शेषांमध्ये बारीक उंचवटे दाखवून दिले. ते रेषेच्या मध्याच्या आसपास उगवतात आणि काही तासांत कडांकडे सरकत जातात, कधी निळ्या तर कधी तांबड्या. मध्याकडे परत येणारा उंचवटा मात्र दिसत नाही. वर सांगितलेला नकाशा हाताशी असेल तर याचा अर्थ लागतो. वाऱ्यात दाट पुंजके आहेत आणि ते वाऱ्याबरोबर बाहेर जाताना वेग घेत आहेत. वेळही जुळते. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या पाचपट धरली तर ती ३५ लाख किलोमीटर होते. सेकंदाला १,५०० किलोमीटर वेगाने एवढे अंतर कापायला सुमारे ४० मिनिटे लागतात, आणि वाऱ्याला पुरता वेग यायला अशा कितीतरी त्रिज्या ओलांडाव्या लागतात. म्हणजे काही तास.

पुंजके का बनतात हे समजायला वारा वाहतो कशामुळे ते आधी पाहिले पाहिजे. त्याला ढकलतो तो प्रकाश. लोह आणि इतर जड मूलद्रव्यांचे अणू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतात आणि त्याबरोबर त्याचा धक्काही घेतात. आता वायूचा एखादा भाग शेजाऱ्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने निघाला असे समजा. डॉप्लर परिणामामुळे त्याची शोषणाची तरंगलांबी थोडी सरकते, आणि ज्या प्रकाशातून खालच्या वायूने आपला वाटा काढून घेतला होता त्याऐवजी त्याला अस्पर्श प्रकाश मिळू लागतो. धक्का वाढतो, वेग आणखी वाढतो. छोटासा फरक आपोआप मोठा होत जातो. वेगवान भाग संथ भागावर जाऊन आदळतो आणि दाट गठ्ठे तयार होतात. प्रकाशाने चालणाऱ्या कोणत्याही वाऱ्यात हे अस्थैर्य असणारच.

पुंजक्यांमुळे एक जुना हिशोब बदलावा लागला. या रेषांचा प्रकाश मुख्यतः इलेक्ट्रॉन आणि आयन पुन्हा जुळताना निघतो, त्यासाठी दोन कणांची गाठ पडावी लागते, म्हणून तो घनतेच्या वर्गाप्रमाणे वाढतो. समजा वाऱ्यातला सगळा वायू चौथ्या हिश्शाच्या जागेत गोळा झाला. घनता चौपट, दर घनसेंटिमीटरचा प्रकाश सोळापट, पण जागा पाव, म्हणजे एकूण प्रकाश चौपट. वारा एकसारखा पसरलेला आहे असे धरून जो संशोधक या प्रकाशावरून वस्तुमान काढेल, त्याला खऱ्याच्या दुप्पट उत्तर मिळेल. वुल्फ-राये तारे दर वर्षी किती वस्तुमान गमावतात याचे जुने आकडे याच कारणाने निम्म्यावर, काही ठिकाणी तिसऱ्या हिश्शावर आणावे लागले. अवजड ताऱ्याच्या अखेरीस किती वजनाचे कृष्णविवर उरेल, हे या आकड्यावर अवलंबून असते. रेषेवरच्या टक्का-दोन टक्क्यांच्या उंचवट्यांचा परिणाम इतका दूर पोचला.

पुंजके बेशिस्त असतात. एक विरतो, दुसरा कुठे तरी उगवतो, त्यांना आवर्तन नसते. काही ताऱ्यांमध्ये मात्र याहून मोठा बदल दिसतो आणि तो ठरल्या वेळाने परत येतो. व्याधाच्या आसपास, बृहल्लुब्धक तारकासमूहात डब्ल्यूआर ६ नावाचा तारा आहे. त्याचे तेज, त्याच्या रेषांचा आकार आणि त्याच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण ही तिन्ही ३.७७ दिवसांच्या तालावर बदलतात. १९८० च्या सुमारास हा ताल ध्यानात आला, तेव्हा त्याच्याभोवती न्यूट्रॉन ताऱ्यासारखा एखादा लहान, अदृश्य सोबती फिरत असावा असे सुचवले गेले. कल्पना स्वाभाविक होती, पण एक अडचण होती. कालावधी तोच राहिला, बदलाचा आकार मात्र महिन्यामहिन्यांनी पालटत गेला. एका मोसमात तेजाच्या आलेखाला एक उंचवटा दिसावा, तर पुढच्या मोसमात दोन. नियमाने फिरणारा सोबती सहसा इतका लहरी वागत नाही.

याला दुसरे स्पष्टीकरण ताऱ्याच्या फिरण्यात सापडते. पृष्ठभागावर एखादा अधिक उजळ भाग असेल तर त्याच्यावरून निघणारा वारा इतर भागांपेक्षा वेगळ्या वेगाचा आणि वेगळ्या घनतेचा असतो. तारा फिरतो, तसे हे उगमस्थानही फिरते. शेतात तुषार सिंचनाचा फिरता नोझल चालू असताना प्रत्येक थेंब सरळ बाहेर जातो, तरी फवाऱ्याची एकूण रेघ वाकडी दिसते. ताऱ्याच्या वाऱ्यातही तसाच वळणदार पट्टा तयार होतो. त्यात आणखी एक भर पडते, ती अशी की वेगवान प्रवाह पुढच्या संथ प्रवाहाला मागून गाठतो आणि दोघांच्या सीमेवर वायू दाबला जातो. सूर्याच्या वाऱ्यात असे पट्टे आधीच माहीत होते. १९८४ मध्ये डरमॉट मलन यांनी तीच कल्पना तप्त ताऱ्यांना लावली आणि १९९६ मध्ये स्टीव्हन क्रॅनमर आणि स्टॅनली ओवोकी यांनी संगणकावर उजळ डाग ठेवून असा पट्टा तयार होताना दाखवला. ताऱ्याबरोबर हा पट्टा फिरतो, तेव्हा त्याचा दाट भाग आधी आपल्याकडे येतो आणि मग दूर जातो. शेषांच्या चित्रात त्याची छटा निळ्या कडेकडून तांबड्या कडेकडे आणि परत अशी वळणे घेत जाते. पुंजक्याच्या एकमार्गी तिरक्या रेघेहून ही खूण अगदी वेगळी पडते. डाग विरून दुसऱ्या जागी नवा उमटला की आलेखाचा आकार बदलतो आणि फिरण्याचा काळ तसाच राहतो. डब्ल्यूआर ६ च्या वागण्याला हे नेमके लागू पडते.

जानेवारी १९९५ मध्ये आययूई या अतिनील दुर्बिणीने सलग १६ दिवस फक्त तीन तप्त ताऱ्यांकडे पाहिले आणि डब्ल्यूआर ६ त्यातला एक होता. वाऱ्याच्या शोषण रेषांतले बदल चार आवर्तनांहून अधिक काळ सलग टिपले गेले आणि फिरत्या पट्ट्यांच्या कल्पनेला बळ मिळाले. वाद मात्र मिटलेला नाही. २०१९ मध्ये व्हर्नर श्मुट्झ आणि ग्लोरिया केनिग्सबर्गर यांनी सोबत्याची कक्षा स्वतःच हळूहळू फिरत असेल तर आलेखाचा बदलता आकारही समजावता येतो, असे मांडले. पुढच्याच वर्षी निकोल सेंट-लुई आणि सहकाऱ्यांनी ब्राइट या छोट्या उपग्रहांच्या वेधांवरून पुन्हा पट्ट्यांची बाजू लावून धरली. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते, आणि त्याचे कारण डब्ल्यूआर ६ पेक्षा वुल्फ आणि राये यांच्या तीन ताऱ्यांपैकी पहिल्यात आहे.

डब्ल्यूआर १३४ चे आवर्तन सुमारे सव्वादोन दिवसांचे असल्याचे आधीपासून बोलले जाई, पण खात्री होत नव्हती. अडथळा दिवस-रात्रीचा होता. एकाच वेधशाळेतून पाहणाऱ्याला दर २४ तासांनी अर्धी कथा गाळावी लागते आणि गणितात खोटे आवर्तनकाल उभे राहतात. सव्वादोन दिवसांचा ताल अशा तुटक वेधांमध्ये १.८ दिवसांचा म्हणूनही खपू शकतो. २०१३ च्या उन्हाळ्यात चार महिने चाललेल्या मोहिमेने यावर उपाय काढला. टेनेरीफ बेटावरच्या तेइदे वेधशाळेत हौशी निरीक्षक पाळीपाळीने दुर्बिणीवर बसले आणि इतर देशांतल्या व्यावसायिक व हौशी वेधशाळांनी आपापल्या रात्री जोडल्या. पाहायचे तारे होते १३४, १३५ आणि १३७. एमिली अल्डोरेटा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यानुसार डब्ल्यूआर १३४ चा आवर्तनकाल २.२५५ दिवस आहे, आणि एकदा उमटलेला पट्टा सरासरी ४० दिवस, म्हणजे सुमारे १८ फेऱ्या, ओळखू येईल असा टिकतो आणि मग विस्कटतो. उगमस्थानाच्या आयुष्याचा असा थेट आकडा हाती आल्यावर ते ताऱ्यावरचे काहीतरी आहे, भोवती फिरणारा सोबती नव्हे, हे मानायला मला जड जात नाही. महिनोन्‌महिने टिकून संशोधनाला पुरे पडतील इतके वेध मोठ्या दुर्बिणींच्या वेळापत्रकात बसणे अशक्यच होते. ते हौशी मंडळींमुळे झाले, ही गोष्ट मला फार आनंद देते.

आता खऱ्या स्पंदनांकडे येऊ. तारा स्पंदतो म्हणजे त्याचे थर नियमाने आत-बाहेर होतात. ही हालचाल चालू राहायला आतून कोणीतरी ताल पुरवावा लागतो. अवजड ताऱ्यांत हे काम लोह करते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लिव्हरमोरच्या शास्त्रज्ञांनी अपारदर्शकतेची नवी गणिते केली. त्यात दीड ते दोन लाख अंशांच्या आसपास लोहाच्या असंख्य रेषा प्रकाशाला आधी समजले होते त्याहून कितीतरी जास्त अडवतात, असे निघाले. असा थर दाबला गेला की आणखी अपारदर्शक होतो, खालून येणारी ऊर्जा कोंडली जाते, दाब वाढतो आणि थर बाहेर फेकला जातो. पसरल्यावर तो मोकळा होतो, कोंडलेली ऊर्जा निघून जाते आणि थर परत खाली बसतो. दर फेरीला थोडी ऊर्जा हालचालीत जमा होते. वुल्फ-राये ताऱ्यांत तर तेज आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर सूर्याच्या सुमारे दहा हजार पट असल्याने प्रकाशाचा दाब वायूच्या दाबावर मात करतो. अशा स्थितीत ध्वनिलहरी एखाद्या थरात अडकून झपाट्याने वाढू शकतात असे १९९० पासून अल्फ्रेड गाउट्शी, वोल्फगांग ग्लाट्झेल आणि इतरांची गणिते दाखवत आली आहेत.

किती वेळाचे आवर्तन अपेक्षित आहे, हे ढोबळपणे काढता येते. स्पंदनाचा काळ सरासरी घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. सूर्याएवढ्या घनतेला तो सुमारे तास येतो. पंधरा सूर्यांचे वस्तुमान दीड सौर त्रिज्येत असेल तर अर्धा तास. वीस सूर्यांचे वस्तुमान पंधरा सौर त्रिज्यांत पसरले असेल तर अर्धा दिवस. म्हणून लहान, अतितप्त वुल्फ-राये ताऱ्यांत मिनिटांची स्पंदने शोधायची आणि फुगलेल्या, तुलनेने थंड ताऱ्यांत तासांची.

मिनिटांचा शोध निराशा देत आला आहे. १९९२ मध्ये डब्ल्यूआर ४० या ताऱ्यात ६२७ सेकंदांचे स्पंदन सापडल्याचे ‘नेचर’मध्ये छापून आले, पण नंतरच्या काळजीपूर्वक वेधांमध्ये ते पुन्हा दिसले नाही. कॅनडाच्या मोस्ट या अवघ्या १५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीच्या उपग्रहाने डब्ल्यूआर १११ कडे कित्येक दिवस सलग पाहिले. त्यात गणितांनी भाकीत केलेल्या तोडीचे कोणतेही नियमित स्पंदन आढळले नाही. पण त्याच उपग्रहाने २००४ मध्ये गरुड तारकासमूहातल्या डब्ल्यूआर १२३ वर ३८ दिवस नजर ठेवली, तेव्हा बेशिस्त चढउतारांच्या तळाशी ९.८ तासांचा एक स्थिर ताल सापडला. हा तारा फुगलेल्या, थंड गटातला, म्हणजे वरचा ढोबळ हिशोब याच बाजूला बोट दाखवतो. डॉर्फी, गाउट्शी आणि सायो यांनी तो बाहेरच्या थरात अडकलेल्या लहरींनी समजावला. टाउनसेंड आणि मॅकडोनाल्ड यांनी सुमारे वीस लाख अंशांच्या, खूप खोलवरच्या दुसऱ्या लोह-थराला श्रेय दिले. दोन्ही शक्यता अजून उभ्या आहेत. इतके असले तरी मला डब्ल्यूआर १२३ चा ताल हाच या जातीतल्या स्पंदनाचा आजवरचा सर्वांत भरवशाचा पुरावा वाटतो, कारण तो सलग, दिवस-रात्रीच्या खंडाशिवाय घेतलेल्या वेधांतून आला आहे.

लहान ताऱ्यांत स्पंदने का दिसत नाहीत? एक शक्यता अशी की ती असतात, पण दाट वाऱ्यातून बाहेर येताना पुसली जातात. आपल्याला दिसणारा प्रकाश वाऱ्याच्या इतक्या वरच्या थरातून निघतो की दहा मिनिटांची थरथर तिथवर पोचेपर्यंत निरनिराळ्या वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींत मिसळून जातात. दुसरी शक्यता टेस या उपग्रहाच्या वेधांतून पुढे आली. २०१८ पासून त्याने पाहिलेल्या कित्येक वुल्फ-राये ताऱ्यांत नेमक्या तालाऐवजी संथ, विस्कळीत चढउतारांचा जाड थर दिसतो, आणि जितका हळू बदल तितका तो मोठा. लोहाच्या ज्या थरामुळे स्पंदने अपेक्षित होती, तोच थर वायूला उकळत ठेवतो. त्या उकळीतून निघणाऱ्या लहरी वर येऊन वाऱ्याच्या तळाला धक्के देत असतील, तर पुंजक्यांचे बीजही तिथेच पडत असावे. असे असेल तर वाऱ्यातले पुंजके, पृष्ठभागावरचे डाग आणि स्पंदने या तिन्हींचे मूळ एकाच उथळ थरात आहे. त्याच थरात चुंबकीय क्षेत्र तयार होऊन डाग पडत असावेत असेही सुचवले गेले आहे, पण डब्ल्यूआर ६ सारख्या ताऱ्यांत चुंबकत्व शोधण्याचे प्रयत्न अजून निर्णायक ठरलेले नाहीत.

हे सगळे उकलण्यामागे नुसते कुतूहल नाही. फिरणाऱ्या पट्ट्यांवरून ताऱ्याचा फिरण्याचा वेग थेट मिळतो, आणि वाऱ्याने झाकलेल्या ताऱ्याचा वेग काढायला दुसरी चांगली रीत नाही. डब्ल्यूआर ६ ची त्रिज्या सूर्याच्या तिप्पट आणि आवर्तन ३.७७ दिवसांचे धरले, तर विषुववृत्तावरचा वेग सेकंदाला ४० किलोमीटरच्या आसपास येतो. दीर्घ गॅमा-किरण स्फोट हे असाच सोललेला तारा कोसळताना होतात असे मानले जाते, आणि त्यासाठी गाभा अतिशय वेगाने फिरत असला पाहिजे. कोणता तारा त्या वाटेने जाईल आणि कोणता गाजावाजा न करता कृष्णविवर होईल, हे ठरवायला असेच वेग हवे आहेत. पण मोठे, नियमित बदल पाचांतल्या साधारण एकाच वुल्फ-राये ताऱ्यात दिसतात, आणि त्यांतल्याही मोजक्यांचाच आवर्तनकाल पक्का झाला आहे. बाकीच्यांसाठी २०१३ सारख्या चार-चार महिन्यांच्या, अनेक रेखांशांवरून जोडलेल्या मोहिमा लागतील.